काशीबाईचा हिसका

मोटारसायकलच्या ब्रेकचा लायनर किती टिकतो, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, मागे कोण बसतं? लोकांना वाटतं, हा चिंतू मेकॅनिक चक्रम आहे. वाटू दे.

शहाऐंशी साली माझं गॅरेज उमरोळीला रस्त्याच्या कडेला होतं. जवळच्याच किनाऱ्यावरच्या माहीमचा कमलाकांत होडी सोडून तारापूरच्या कारखान्यात लागला होता. सकाळच्या धूसर उजेडात त्याची जुनी राजदूत बोईसरकडे जायची. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली त्याची बायको काशीबाई, मांडीवर मासळीची पाटी. मी अर्धवट झोपेत चहा पीत असायचो आणि मला वाटायचं, रस्त्यावरून होडीच चाललीय, न हलता, न वाजता. फार बरं वाटायचं.

दर तीन महिन्यांनी मात्र माझं डोकं फिरायचं. इतरांचा लायनर दीड-दोन वर्षं सहज जायचा. ह्याचा मागचा लायनर तिसऱ्या महिन्यात पार झिजलेला.

"ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतोस काय?"

"मी नाय रे दाबत, पाय आपसूक जातो," कमलाकांत म्हणाला. "काशी हिसका देते ना."

त्यांच्याकडे होडी किनाऱ्यावर ओढताना दोराला एक हिसका म्हणजे थांब. लहानपणापासून अंगात भिनलेलं. वळण आलं की काशीबाई घाबरायची, त्याचा सदरा मागून ओढायची, आणि ह्याचा पाय ब्रेकवर.

"म्हणजे लायनर वहिनी खातात," पाटी घेऊन बाजूलाच उभ्या असलेल्या काशीबाईच्या तोंडावरच मी बोलून गेलो. माझ्या जिभेला हाड नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती एसटीने जायला लागली.

आठ महिन्यांनी कमलाकांत आला. मी चाक उघडलं, तर लायनर जवळजवळ नवा. मी खूश. तो मात्र उघड्या चाकाकडे बघत बसून राहिला.

"रस्ता लय लांब झालाय, चिंतू," तो म्हणाला. "वळनावर पाय वाट बगतो. हिसका येतच नाय."

मला माझीच लाज वाटली. तडक बोईसरच्या बाजारात गेलो. काशीबाई मासळी कापत होती.

"वहिनी, खाऱ्या हवेत ब्रेक दाबला नाही तर गंजून बसतो. हा एकटा असला की दाबतच नाही. एक दिवस जड जाईल." ह्यातलं अर्धं खरं होतं, अर्धं माझ्या पदरचं.

तिचा कोयता थांबला. "मंग आदी का नाय सांगितलंस? आनि मी बसली तर लायनर खाईन ना?"

"खा," मी म्हटलं, "पोटभर खा."

दुसऱ्या सकाळी चहा घेऊन बसलो होतो. वळणावर ब्रेक करकरला, आणि धूसर उजेडातून होडी आली. आजही डोळे मिटले की ती येते.

तीन महिन्यांनी कमलाकांत गॅरेजात हजर. लायनर संपला होता, आणि सदरा पाठीवर उसवला होता.