मरोळच्या विहिरीचा फोटो

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या मरोळ गावठाणातल्या बायका वाजतगाजत गावच्या विहिरीवर जायच्या आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी भरून आणायच्या. त्याला आम्ही उंबराचं पाणी म्हणतो. चौऱ्याऐंशी साली एका कारखानेदाराने विहिरीभोवती तारेचं कुंपण घातलं आणि सांगितलं, ही विहीर माझी, मीच खणली. गावाकडे कागद नव्हता. विहीर कोणाच्या तरी नावावर करून ठेवावी हे आमच्या वाडवडिलांच्या डोक्यातही आलं नसणार, एवढे ते शहाणे.

गावाने कचेरीत तक्रार केली. तिथल्या सुनावणीला साहेब म्हणाले, काही पुरावा आणा, जुना फोटो तरी आणा. गावातर्फे बोलायला उभा राहिलेला सेबॅस्टियन तोंड पाडून खाली बसला. मी उठलो आणि छाती काढून म्हणालो, आणतो.

माझ्या पप्पांना शेती करता करता फोटोचं वेड लागलं होतं. भाताची खाचरं, खळी, वेशीवरचा क्रूस, गोराईची खाडी, बैलगाड्यांची वाट, सगळं त्यांनी काचेच्या प्लेटांवर उतरवून ठेवलं होतं. विहिरीवर आलेली लग्नाची मिरवणूक तर त्यांनी कधी सोडली नाही. कागदावर छापणं परवडायचं नाही, म्हणून पप्पा वारल्यावरही प्लेटा तशाच पेटीत राहिल्या. आता खाचरांच्या जागी कारखाने आहेत. आमचं गाव उरलं होतं ते त्या पेटीतच.

घरी येऊन पेटी उघडली. आत पप्पांचा कॅमेरा होता आणि माझ्या बहिणीच्या, पेट्रिशियाच्या लग्नातली उरलेली कागदी फुलं. प्लेटा कुठे गेल्या म्हणून आईला विचारलं, तर तिने खिडकीकडे बोट दाखवलं. गेल्या वर्षी त्या लग्नाआधी तिने फुटक्या काचा बदलून घेतल्या होत्या. मी तिचं कौतुकही केलं होतं.

अशा काचेच्या निगेटिव्हवर माणसांचे चेहरे काळे दिसतात, आभाळसुद्धा काळं. आईला ते कधीच बघवत नसे.

"लगनाचं घर व्हतं रे," ती म्हणाली. "सगल्यांची तोंडं काली. म्हणून सोड्याच्या गरम पाण्यान धुतली. काचा कशा साफ निंगाल्या बघ."

मी तिला नको नको ते बोललो. शेवटी तिने एवढंच विचारलं, त्यात आपली विहीर होती काय?

पुढच्या सुनावणीला मी हात हलवत गेलो. म्हाताऱ्यांनी शपथेवर सांगितलं, साहेबांनी ऐकून घेतलं, आणि विहीर गेली. सेबॅस्टियनने बाहेर येऊन मला चहा पाजला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पावसाळ्याआधी कारखानेदाराने डबर टाकून विहीर बुजवली. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

एका रविवारी चर्चमधून आलो, तर भरदुपारी स्वयंपाकघरात अंधार. आईने खिडकीच्या काचा काढून तिथे गोधडी लावली होती. ती परातीपुढे बसली होती. एक काच पाण्यात बुडवून परात हलक्या हाताने हलवत होती. पप्पा असंच करायचे. नवी नवरी असताना ती त्यांच्याशेजारी बसून बघायची, आणि कोऱ्या काचेवर हळूहळू चित्र यायचं. ते औषधाचं पाणी असायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आई, आता काही यायचं नाही त्यावर," मी म्हणालो.

"दार लाव," ती परातीवरची नजर न काढता म्हणाली. "उजेडान नाय येत."

मी दार लावून घेतलं.