एक हवा होता, दोन सापडले

“एक हवा होता, दोन सापडले! म्हणजे काय?” फ्रेतेससाहेब पडद्यावरची ओळ वाचून ओरडले. “आणि इंजेक्शन फसलं? कुणाचं?”

दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर डायलिसिसला आलेली चाळीस माणसं बसलेली. इंजेक्शनचं नाव ऐकताच एका म्हाताऱ्याने बाही वर सारली.

“प्रोग्रामचं, माणसाचं नाही,” सुनिल्दाताई म्हणाली. “काका, बाही खाली घ्या.”

आमच्या केंद्रात पाळ्या लावणारा जावाचा प्रोग्राम तिने एकोणीस वर्षं सांभाळलेला. त्याची एक शिस्त आहे. कुठलाही भाग आपला मदतनीस स्वतः शोधत नाही. नुसता मागतो, आणि सुरू होतानाच प्रोग्राम तो त्याच्या हाती देतो. यालाच आमच्या धंद्यात इंजेक्शन म्हणतात. शनिवारपर्यंत पाळ्या लावणारा भाग एकच होता, ताईचा. रविवारी इंजिनियर ओकाम्पोसने आपला दुसरा भाग त्याच्या शेजारी बसवला आणि चालवून न बघताच घरी गेला. सोमवारी प्रोग्रामने विचारलं, यातला कुठला देऊ? उत्तर कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून तो सुरूच होईना.

मला तर त्या प्रोग्रामचं कौतुक वाटलं; निदान त्याने विचारलं तरी. तीन महिन्यांपूर्वी साहेबांनी ओकाम्पोसलाही असंच ताईशेजारी आणून बसवलं होतं. काम एक, माणसं दोन. ती त्याला शिकवत होती आणि आम्ही सगळे मूग गिळून गप्प. मीसुद्धा. त्याची चीड अजून जात नाही.

“एका शब्दाचं काम आहे,” ताई म्हणाली. “दोघांपैकी एकावर ‘मुख्य’ अशी खूण करायची.”

“मग करा की! ओकाम्पोसच्यावर करा.”

“त्यांचा भाग आधी कोण आलं तेवढंच बघतो. बाहेर बसलेल्या फेलिसियाना आजीला दोनची पाळी लागेल. पुढे चार तास मशीनवर. नदीपलीकडे जाणारी तिची शेवटची बस चारला सुटते.”

“बसची जबाबदारी आपली नाही, बाई.”

“नवीन पद्धत अशीच असते,” ओकाम्पोस मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

“नवीन? अहो, निदान एकदा चालवून तरी बघायचं!” ताईचा आवाज चिरकला. तिने कीबोर्ड ओढला, आपल्याच भागावर तो शब्द लिहिला, आणि बाहेरच्या पडद्यावर यादी झळकली. फेलिसियाना, दहा वाजता.

“मी काय सांगितलं होतं?” साहेब लालबुंद झाले.

“त्याने विचारलं, मी उत्तर दिलं. आता खुर्ची एक आणि माणसं दोन, याचं उत्तर तुम्ही द्या. तीन महिने झाले, एकाचंही तोंड उघडत नाही!”

ते आमच्यावरही होतं. मी खाली बघितलं.

“जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबल मोकळं करा,” साहेब म्हणाले. “उद्या ती खूण ओकाम्पोसच्या भागावर जाईल.”

“जाऊ दे. पण ज्याच्या हाताने जाईल, त्याने चारची बसही धरून ठेवावी.”

नऊ वाजले होते. तेरेरे, म्हणजे आमचा गार पाण्यातला पाल्याचा चहा, वाटायचं काम माझं. शिंगाचा एकच पेला, नळीही एकच; गार पाणी ओतायचं, एकाला द्यायचा, रिकामा परत घेऊन पुढच्याला. पुरे झालं की परत देताना ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणायचं, नाहीतर पेला फिरून येतच राहतो. माझ्या अकरा वर्षांत ताईने पहिल्या पेल्याला तो शब्द कधी उच्चारला नव्हता.

तिने शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं आणि पेला माझ्या हातात दिला.

“ग्रासियास, देर्लिस.”

मग ती पिशवी भरू लागली. दुसऱ्या फेरीत माझा हात सवयीने तिच्या खुर्चीपुढे थांबला. खुर्ची रिकामी होती. शेजारून ओकाम्पोसने हात पुढे केला.

तो पेला मी स्वतःच पिऊन टाकला. तेवढीच माझी हिंमत.