पाद्रीबाबांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. बसा, पण डाव्या बाजूला भार टाकू नका. तिकडचा पुढचा पाय मूळचा नाही. तो कसा मोडला, तेच आज सांगते.

माझं लाकूड सागाचं आणि बैठक वेताची. ठाण्याच्या राघो सुतारानं मला घडवलं. तेव्हा खाडीच्या पुलावरून आगगाडी धावू लागून बरीच वर्षं झाली होती, तरी कळव्याच्या बाजूच्या आमच्या लहानशा गावात खुर्ची कुणाच्याच घरी नव्हती. लोक चटईवर बसत, बाजेवर बसत, नाहीतर उंबऱ्यावर टेकत. मला बनवून घेणारा जुवांव मिठागरात राबणारा माणूस. पास्काचा सण, म्हणजे ईस्टर, झाला की ठाण्याच्या देवळातले पाद्रीबाबा गावातल्या ख्रिस्ती घरांमधून पवित्र पाणी शिंपडत फिरायचे. एका वर्षी ते उन्हातून दमून जुवांवच्या घरी आले आणि बसायला काही न दिसल्यामुळे भात कांडायचं उखळ पालथं घालून त्यावर बसले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. जुवांवला मात्र फार लागलं.

"कातरीन," तो बायकोला म्हणाला, "पुढल्या साली बाबा उखळावर नाय बसणार."

होडीतून उतरून त्यानं मला डोक्यावर घेऊन गावात आणलं, तेव्हा लोकांनी विचारलं, "जुवांव, लगीन कुणाचं रं?" तो नुसता हसला. पण त्याच पावसाळ्यात तापानं तो गेला. पाद्रीबाबा माझ्यावर बसलेले त्यानं पाहिलेच नाहीत.

तेव्हापासून कातरीनबायनं मला जिवापाड जपलं. मारिया मातेच्या तसबिरीखाली, भिंतीला लागून माझी जागा होती. अंगावर पांढरी चादर असे. दर शनिवारी ती खोबरेल तेलाचं बोट फिरवून मला पुसायची. मांजर वर चढलं तरी तिला खपत नसे. पाद्रीबाबा वर्षातून एकदा येत आणि पेलाभर पाणी प्यायला लागेल तेवढाच वेळ माझ्यावर बसत. मग पुन्हा चादर. मलाही त्याचा मोठा अभिमान वाटायचा. गावातल्या बाजा आणि पाट म्हणजे माझ्या हिशेबी गडीमाणसं.

कातरीनबायचा मुलगा इनास मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून रोजीन घरात आली. पहिलं मूल झालं तेव्हाची गोष्ट. रोजीन दिवसभर खाली बसून त्याला पाजायची. भिंतीला टेकावं तर भिंत ओली, न टेकावं तर कंबर धरायची. एका दुपारी सासू विहिरीवर गेलेली पाहून तिनं चादर हळूच बाजूला केली आणि ती माझ्यावर बसली. पाठ टेकल्याबरोबर तिनं जो श्वास सोडला, तो मला अजून आठवतो. तेवढ्यात कातरीनबाय दारात उभी.

"खुर्ची कुणाची हाय?"

"पाद्रीबाबांची."

"मग?"

"आय, कंबर मोडलीय माझी. बाबा आता थेट सणाला येणार."

"म्हणून तोवर तू उबवतेस काय तिला? ऊठ."

रोजीन उठली. बाळाचं पिणं अर्धवट राहिलं म्हणून ते रडायला लागलं. कातरीनबायनं चादर झटकून पुन्हा घातली.

पुढच्या पास्काचा सण झाला आणि पाद्रीबाबांचा आमच्या गावचा दिवस ठरला. कातरीनबाय सकाळपासून लगबगीत होती. अंगण सारवलं, नवा माठ भरला, देवळात जायचं काठाचं लुगडं नेसली आणि माझी चादर काढली. पाद्रीबाबा गावाच्या वरच्या टोकाला आल्याची बातमी लागली. मधे दोनचार घरं, मग आमचंच.

इतक्यात अंगणात माणसं आली. शेजारचा धाकू कोळी पुढे आणि त्याच्यामागे झोळीत त्याची बायको तुळसा. काल रात्रीपासून ती अडली होती. गावची सुईण गंगुबाई बरोबर होती.

"मूल आडवं हाय," गंगुबाई म्हणाली. "माझ्या हातचं काम नाय. ठाण्याच्या दवाखान्यात नेली तरच वाचेल. पण झोळीत घातली की हिचा जीव घुसमटतो. बसवली की श्वास घेता येतो."

"बाजेवर बसवून न्या," कोणीतरी म्हणालं.

"मिठागराच्या बांधावरून बाज कशी जाणार?" इनास म्हणाला. "एका माणसापुरती तर वाट."

एकेकाची नजर माझ्याकडे वळली. गावात खुर्ची एकच होती.

धाकूनं कातरीनबायकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कातरीनबाय माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिचा जुवांव, त्याचं बोलणं, इतक्या वर्षांचं तेल आणि चादर, सगळं त्या हातात होतं. वरच्या आळीतून पाद्रीबाबांबरोबर फिरणाऱ्या मुलांचं गाणं ऐकू येत होतं. पाद्रीबाबा निघाले असावेत.

"काकी," तुळसा म्हणाली.

कातरीनबायनं मला उचलून अंगणात ठेवलं. "बसवा हिला. इनास, दोन बांबू आण. काथ्या माळ्यावर हाय."

शेजारची मारीबाय कुंपणाशी आली होती. "कातरीन, पाद्रीबाबांच्या खुर्चीत कोळीण? बाटेल ती खुर्ची."

"लाकूड हाय ते, मारी."

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच लाकूड म्हटलं होतं.

"आय, बाबा येतील आता," रोजीन म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

"ते येतील तेव्हा बघ तू. आता ही आलीय."

असं म्हणून कातरीनबाय निघायला लागली. तुळसाला ना सासू, ना आई. तिनं काकीचा हात धरला, तो सोडेना. वर्षभर वाट पाहिलेला आशीर्वाद मागे टाकून, काठाचं लुगडं तसंच नेसून ती बांधावर आमच्याबरोबर चालू लागली.

बांबूंना बांधून मला एकानं पुढून, एकानं मागून उचललं. दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी उन्हात डोळे दिपवत होत्या. कळ आली की तुळसा माझा हात घट्ट धरी. तिच्या नखांचे ओरखडे पाहा, या उजव्या हातावर आहेत. सुतारानं किती घासून गुळगुळीत केला होता तो.

ओहोटी होती. धाकूची होडी दूर पाण्यात, आणि मधे गुडघाभर चिखल. तिथे पुढच्या गड्याचा पाय घसरला. मी एका अंगावर गेले, चिखलाखाली दगड होता, आणि माझा पाय काडकन मोडला. कातरीनबायनं लुगड्याचा विचार न करता चिखलात गुडघे टेकले आणि मोडक्या पायाच्या जागी खांदा दिला.

"उचला रं," ती म्हणाली. "मी धरलीय."

माणसांनी मला पुन्हा उचललं. तुळसा पडली नाही.

मित्रांनो, घरी काय झालं ते मी पाहिलं नाही, नंतर रोजीनच्या तोंडून ऐकलं. पाद्रीबाबा आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "खुर्ची कुठे गेली?"

"तुळसाला घेऊन ठाण्याला गेली, बाबा."

"आणि कातरीन?"

"तीपण."

कोपऱ्यातलं उखळ पाद्रीबाबांनी स्वतःच ओढलं, पालथं घातलं, त्यावर बसले आणि म्हणाले, "मला पाणी दे, पोरी." जाताना घरात पवित्र पाणी शिंपडलं. सारवलेल्या जमिनीवर माझ्या चार पायांच्या खुणा होत्या, तिथे जरा जास्तच शिंपडलं.

ठाण्याच्या दवाखान्यात तुळसाला मुलगी झाली. दोघीही वाचल्या. मुलीचं नाव बायजा ठेवलं.

कातरीनबाय परत आली तेव्हा लुगड्यावरचा चिखल वाळून पापुद्रे सुटले होते. तिनं पहिला प्रश्न विचारला, "बाबा कशावर बसले?"

"उखळावर."

तिनं तोंडाला पदर लावला. हसली की रडली, ते रोजीनलाही कळलं नाही.

इनासनं खाडीकाठच्या तिवराचं लाकूड तासून मला नवा पाय बसवला. तो काळपट आहे आणि थोडा आखूड, म्हणून मी डुगडुगते. मला जागेवर ठेवल्यावर कातरीनबायनं चादर हातात घेतली, घडी घातली आणि पेटीत टाकली. मग रोजीनला हाक मारली, "पोराला घेऊन ये. इथे बस."

"आय, पाद्रीबाबांची ना ती?"

"बस गं. माझ्या बाजूचा पाय हालतो, मी धरते."

पुढच्या सणाला पाद्रीबाबा आले तेव्हा माझ्यावर बायजा झोपली होती. तुळसा मासळी विकायला जाताना तिला आमच्याकडे सोडून जाई. रोजीन तिला उचलायला धावली, तर कातरीनबायनं तिचा हात धरला. पाद्रीबाबांनी ते पाहिलं आणि स्वतःच उखळाकडे वळले.

आता मी म्हातारी झाले. वेत सुटलाय, सांधे वाजतात. मला पुसा, पाचर मारा, पावसात बाहेर टाकू नका. पण चादर मात्र घालू नका. तुमच्याही घरात कुणा थोरासाठी राखून ठेवलेलं काहीतरी असेलच. तो थोर माणूस येईल तेव्हा येईल. आत्ता दारात कोण उभं आहे ते बघा, आणि आधी त्याला बसवा.