खिडकीशी नेलेला हात

टायरच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की एक लांबट खोली लागायची, आणि त्या खोलीत एक बाई हात घडवायची. यंत्रात गेलेले, अपघातात गेलेले, जन्मापासून नसलेले. मऊ सिलिकॉनचे हात. ते काही उचलायचे नाहीत की धरायचे नाहीत, नुसते असायचे. पण नुसतं असणं ही काय साधी गोष्ट आहे? नखातली फिकी चंद्रकोर, पेरांवरच्या सुरकुत्या, मनगटावरची निळी शीर, सगळं ती असं उतरवायची की बघणाऱ्याने बघतच राहावं. लोक तिला हातवालीच म्हणत. फोन, पावत्या आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे खातं तिच्या धाकट्या भावाकडे होतं. बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या सकाळी बेकरीवाली आली. तिचे आईवडील समुद्रापलीकडून आलेले, काळे. ती जन्मली इथे, पाव भाजत मोठी झाली इथे, तरी रस्त्यात कोणी ना कोणी अजून विचारायचंच, "कुठच्या तुम्ही?" कणीक मळायच्या यंत्राने तिचा डावा हात नेला होता. सोमवारपासून ती पुन्हा काउंटरवर उभी राहणार होती, आणि हात करायला देताना तिने एकच मागणं केलं होतं: गिऱ्हाइकांनी माझ्या हाताकडे बघू नये. पावाकडे बघावं, माझ्याकडे बघावं, झालं.

नवा हात ती परवाच घेऊन गेली होती. आज तिने तो पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा कुणाचा आहे?"

"तुमचाच की!" धाकटा हसला. "पॅक करून मीच नाही का दिला?"

"माझा?" तिने उजवा हात त्याच्याशेजारी ठेवला. "नीट बघा. हा मेलेल्या बाईचा हात आहे."

हातवालीने पाहिलं. शेजारी शेजारी ठेवल्यावर लपण्यासारखं काही नव्हतं. एक हात जिवंत, दुसरा राखेत लोळून आल्यासारखा.

"आमच्याकडची सगळ्यात गडद छटा आहे ती," हातवाली म्हणाली.

"ती कशी करता?"

"मूळ रंगात काळा मिसळून."

"आणि तो मूळ रंग कुणाचा?"

फळीवर बरणी होती. तिच्यावर कधीकाळी चिकटवलेली चिठ्ठी, 'मूळ'. आत हातवालीच्याच कातडीचा, फिका गुलाबी रंग.  खाली दुकानात कुणी टायरमध्ये हवा भरत होतं.

"म्हणजे आधी तुमचा हात केलात, मग त्याला काळं फासलंत आणि मला दिलात," बेकरीवाली म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच जास्त लागत होतं. "याला वर्णद्वेष म्हणतात, बाई. तुम्हाला आवडो न आवडो."

शब्द असा पडला की धाकट्याचं हसू तोंडातच राहिलं. "अहो, काहीतरीच काय! आमच्याकडे सगळे सारखे. ताई तर मुंगीवरसुद्धा पाय देत नाही. आणि अगदीच वाटलं तर हातमोजा—"

"हातमोजाच घालायचा तर तुमच्याकडे कशाला आले असते? आणि सगळे सारखे म्हणून सगळ्यांना तुमचाच हात, असं का?"

"अरे, गप जरा," हातवाली भावाला म्हणाली.

तिच्याही ओठांशी बरंच काही जमलं होतं. मी कधी कुणाला परत पाठवलं नाही. मी तुमच्या सुरकुत्यांसाठी डोळे फोडले. मी तसलं काही मनात आणलं नव्हतं हो. एकेक वाक्य पुढे यायला धडपडत होतं आणि प्रत्येकाची सुरुवात 'मी'ने होत होती. हे तिचं तिलाच ऐकू आलं, आणि तिने ती सगळी गिळली. 

"राग येतोय मला," ती म्हणाली. "पण तो माझा मी बघते. तुम्ही म्हणताय ते मला अजून पुरतं दिसलेलं नाही. मला बघायचंय. बसाल?"

"शिकवायला आले नाही मी. ते माझं काम नाही."

"नाहीच. तुम्ही फक्त बसा. बघायचं काम माझं."

बेकरीवालीने खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाली, "कुठे बसू?"

"खिडकीशी."

आणि ते म्हणता म्हणताच हातवाली थबकली. खिडकीशी. गोऱ्या गिऱ्हाइकांना ती तिथेच न्यायची. त्यांचा हात उजेडात धरून, थेंब थेंब रंग चढवून जुळवायची. या बाईचं माप घेतलं, साचा घेतला, सुरकुती सुरकुती मोजली. रंग मात्र टेबलापलीकडून बघून नमुन्याच्या पट्टीवर बोट ठेवलं होतं. शेवटचं घर. गडद.

"आता दिसलं," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला मी खिडकीशी नेलंच नव्हतं. इतरांना नेते. काळ्या रंगात बघण्यासारखं काही असेल, असं मला वाटलंच नाही. चुकलं माझं, आणि ते चुकून झालेलं नाही."

बेकरीवालीने मान हलवली नाही की 'असू दे' म्हटलं नाही. ती खिडकीशी जाऊन बसली आणि तिने हात उजेडात ठेवला.

हातवाली बघू लागली.

आधी तिला नुसता तपकिरी दिसला. मग डोळे उजेडाला सरावले आणि हात उमलत गेला. वरच्या रंगाखाली तांबूस धग होती, फुंकर घातल्यावर निखाऱ्याच्या पोटात दिसते तशी. पेरांवर जांभळी सांज उतरलेली. करंगळीच्या कडेला, ऊन जिथे घसरत होतं तिथे, सोन्याची बारीक रेघ. शिरा निळ्या नव्हत्याच. खोल पाण्यासारख्या हिरव्या, दिसत होत्या आणि दिसत नव्हत्या. मनगटावर भट्टीच्या जुन्या चटक्याचा डाग, तो आरशासारखा लकाकणारा. बेकरीवालीने तळवा वर केला, आणि हातवाली आणखी पुढे वाकली. हाताच्या कडेने रात्र तळव्याच्या पहाटेला भेटत होती. कुठे संपते, कुठे सुरू होते, ती रेघ कुणाला ओढता आली नसती. तळव्यावरच्या रेषा गडद, ओल्या वाळूवर पाण्याने काढाव्यात तशा.

"अगं बाई," तिच्या तोंडून निघालं. "केवढं आहे हे!"

"हात आहे," बेकरीवाली म्हणाली. पण तीही आता बघत होती.

हातवालीने 'मूळ' बरणीला हात लावला नाही. काळ्याला नाही, पांढऱ्याला नाही. लाल घेतला, निळा घेतला, पिवळा घेतला आणि रिकाम्या काचेवर शून्यापासून सुरुवात केली. ओठांत कसलीशी ओळ आपसूक घोळू लागली:

*रंगात रंग किती, बाई, डोळ्याला मोजवेना,*
*एका गं हातामंदी सारा उजेड माईना.*

पहिला रंग फसला. धाकटा मान वाकवून म्हणाला, "चॉकलेट झालं की गं!"

"खायच्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही हं," बेकरीवालीने दम दिला. "चॉकलेट नाही, कॉफी नाही, गूळ नाही. दिवसभर खाऊ विकते मी. मी स्वतः खाऊ नाही."

"राहिलं," धाकट्याने कान पकडले. "मग म्हणू काय?"

"काही म्हणू नका. बघा."

तो बघू लागला. थोड्या वेळाने त्याला बोलायचंच आठवलं नाही, आणि हे त्या खोलीत प्रथमच घडत होतं.

दुसरा रंग फसला, तिसराही. ऊन सरकलं तशी खुर्ची सरकली. संध्याकाळी हातवाली म्हणाली, "आज नाही जमत. उद्या याल?" बेकरीवाली उद्या आली. रंग आतून बाहेर थराथराने चढवायचा होता. आधी धग, मग सांज, मग ते सोनं. तळवा वेगळा, आणि ती कड बोटाच्या टोकाने, श्वास रोखून. मग रंग पक्का व्हायला हात गरम पेटीत गेला, आणि तिघंही पेटीसमोर पाहुणा यायचाय तसे वाट बघत बसले.

बेकरीवालीने तो चढवला. दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. एकदा पालथे, एकदा उताणे करून पाहिले. 

"माझा आहे असं नाही म्हणणार मी," ती शेवटी म्हणाली. "माझा गेला. पण हा माझ्या बहिणीचा असू शकतो. आमच्या घरातला आहे."

हातवालीचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. पुसायला गेलं तर बेकरीवालीचं लक्ष जाऊन तिच्याकडे दिलासा मागितल्यासारखं झालं असतं.

"आणि माझ्यामागून आमच्यातली कुणी आली, तर तिला हाच रंग घालू नका. तिलाही बसवा."

"बसवीन."

पिशवी उजव्या हातात घेऊन बेकरीवाली जिना उतरली. हातवाली खिडकीतून बघत राहिली. खाली रस्त्यावर एका म्हाताऱ्या बाईने तिला थांबवलं आणि काहीतरी विचारलं, पत्ता असावा. बेकरीवालीने विचार न करता डावा हात पुढे केला आणि चौकापलीकडे दाखवला.

म्हाताऱ्या बाईने हाताकडे पाहिलं नाही. हात दाखवत होता तिकडे पाहिलं, मान डोलावली, आणि त्या वाटेने निघून गेली.