सुनेला बाहेर काढा, फोन वाजेल

टुंग, टुंग, टुंग! फोन वाजू लागला आणि तोताराम भगताच्या पत्र्याच्या मंडपातल्या बायांनी एकदम हात जोडले.

"दखा, बठ्ठा दखा!" भागाबाई सगळ्यांकडे वळून ओरडल्या. "मना अमृत उना!"

अमृत कुठला यायला! त्यांचा हा लेक अमेरिकेत, ठिबक सिंचनाच्या कंपनीत. आईला पाठवलेल्या फोनवर त्याचे साठलेले निरोप धडाधड पडत होते, एवढंच.

"आता सुनेला आत बोलवा," भगत म्हणाला. दाराबाहेर उभी केलेली दीपमाला आत आली. फोन गप्प.

"पाहिलंत? लेकरू आईला हाका मारतंय, अन् आडवं कोण येतंय? आवाज सात समुद्र ओलांडतो, पण घरच्या नजरेपुढे अडतो. ही माहेरी गेल्याशिवाय वाट मोकळी व्हायची नाही."

मी मागे बसून ऐकत होते. मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवते. दीपमाला जवळच्याच असोद्याची, माझी जुनी विद्यार्थिनी. "मॅडम, फोन चालत नाही म्हणून मला कायमची माहेरी धाडताहेत," असं ती रडत म्हणाली, म्हणून एरंडोलच्या पुढच्या या गावात आले. खरं सांगते, भोंदूपणा उघडा करत गावोगाव हिंडायचा कंटाळा आला होता. नारळातून केस काढून दाखवा, पाण्याने दिवा पेटवून दाखवा, घसा बसेपर्यंत बोला. लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या अमावास्येला दुसऱ्या भगताकडे जातात. पण पोरीचा संसार मोडत होता. घरी बसवेना.

प्रकरण असं होतं. अमृतने, म्हणजे दीपमालाच्या नवऱ्याने, आईला फोन पाठवला. भागाबाईंनी आपल्या बटणाच्या फोनमधलं सिम काढून त्यात घातलं, तर चालेना. पुन्हा जुन्या फोनमध्ये घातलं, तर छान चाले. अमृतचा चेहरा सुनेच्या फोनवर रोज दिसत होता, पण "लेकाशी बोलायला सुनेपुढे हात पसरू का?" हा भागाबाईंचा हट्ट. त्या नवा फोन घेऊन भगताकडे गेल्या. त्याने तो शुद्धीसाठी रात्रभर ठेवून घेतला. तेव्हापासून फोन मंडपात वाजायचा, तोही सून बाहेर असली तरच.

मी उठले. "भागाबाई, जरा फोन द्या."

"बाई, यंत्र समजू नका त्याला," भगत घाईने म्हणाला. "त्यात लहरी असतात."

"लहरी असतात, हे मात्र अगदी खरं बोललात. दीपमाला, तू पुन्हा बाहेर जा. आणि नवलभाऊ, तुम्ही दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवा."

नवल म्हणजे भगताचा शिष्य. मघापासून त्याचा एक हात उपरण्याखाली होता. त्याने गुरूकडे पाहिलं आणि नाइलाजाने हात बाहेर काढले.

आम्ही वाट पाहत बसलो. फोन वाजेना.

"सून तर बाहेर आहे. मग आता काय झालं?"

"तुमची अश्रद्धा आडवी येते, बाई."

"मघाशीही मी इथेच होते की हो!"

बाया हसल्या. मी फोनचं सेटिंग उघडून वायफायमध्ये आधी जोडलेल्या नावांची यादी समोरच्या बाईला दाखवली. "मोठ्याने वाचा, इथे कोणाचं नाव आहे?"

"नवल," ती म्हणाली आणि नवलकडेच बघत राहिली.

"रात्रभर फोन ठेवून घेतला तो यासाठी. नवलच्या फोनचं इंटरनेट पासवर्डसकट यात जोडून ठेवलं. सून बाहेर गेली की हा उपरण्याखाली हॉटस्पॉट चालू करतो, निरोप पडतात. ती आत आली की बंद करतो. हा तुमचा साक्षात्कार!"

"पन सिम कसं चालत नही?" भागाबाईंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी सेटिंगमध्ये 'जनरल' उघडलं, त्यात 'अबाउट', आणि खाली 'कॅरियर लॉक' दाखवलं. तिथे लिहिलं होतं, 'सिम लॉक्ड'.

"हे कुलूप आहे. तिकडच्या काही कंपन्या हप्त्यावर फोन देतात आणि आपल्याच सिमसाठी तो बांधून ठेवतात. दुसऱ्या कोणाचं सिम तो घेत नाही. कुलूप नसतं तर इथेच तसं लिहून आलं असतं. ते काढणार ती कंपनीच, ज्याने फोन घेतला त्याने मागणी केल्यावर. मंत्राने निघत नाही आणि सुनेने लागतही नाही."

मग मी दीपमालाला आत बोलावलं. "तुझा हॉटस्पॉट सुरू कर, हा फोन त्याला जोड, आणि हातात तूच धर."

टुंग, टुंग, टुंग! ज्या हाताने फोन मुका होतो म्हणत होते, त्याच हातात तो वाजत सुटला. तिने अमृतला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, तो दात घासत आला.

"आई? तुझ्या फोनवरून? अगं, कुलूप माझ्याच ध्यानात आलं नाही. शेवटचे हप्ते राहिलेत, फिटले की कंपनीला लगेच कळवतो. दीपमालाचा काय संबंध?"

भगत कधी उठून गेला ते कोणी पाहिलं नाही. भागाबाईंनी मुलाला तसंच थांबवून ठेवलं आणि सुनेचा हात धरला. "चुकनं मनं, माय. चल घर."

दीपमालाने हात सोडवला नाही, पण पाऊलही उचललं नाही.

"आज फोन वाजला म्हणून मी चांगली ठरले, आत्याबाई. उद्या रेंज गेली तर? पुन्हा उंबऱ्याबाहेर?"

भागाबाई रडू लागल्या आणि मला त्यांचा राग आला, कीवही आली.

म्हणून थकले असले तरी पुन्हा सांगते. वस्तू बंद पडली तर सेटिंग बघा, कंपनीला विचारा, चार ठिकाणी चौकशी करा. आणि कोणी चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी एकच बघा: त्यासाठी घरातल्या कोणाला बाहेर काढायला सांगतोय तो?