डाळिंबी पैठणीवरचा पिवळा उजेड

मी एक जुना दिवा आहे. पण मला कधी कुणी तेल घातलं नाही की वात. गाडीच्या छताला आतून जो बल्ब असतो ना, तो मी. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या आणि पोटात केसाहून बारीक तार. एवढ्याशा देहात एवढं आयुष्य कसं मावलं, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, दाबून भरलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या काचेत फुंकर मारताना कामगाराला नेमकी शिंक आली, म्हणून माझ्यात जरा जास्तच वारं भरलं. ते अजून निघालेलं नाही.

येवल्याच्या धनराजच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये मला जागा मिळाली. त्याची आई कुसाबाई मागावर पैठण्या विणायची आणि मायलेक त्या नाशिकला गिऱ्हाइकांच्या दारात पोचवायचे. दार उघडलं की मी पेटायचो, लागलं की विझायचो. एकदा पेठच्या रस्त्याला दार उघडं राहिलं, तर रानातले झाडून सगळे काजवे माझ्याभोवती जमले आणि त्यांनी मला बिनविरोध सरपंच केलं. म्हणजे एक पतंग उभा होता विरोधात, पण त्याचं डिपॉझिट जप्त झालं. खोटं वाटतं? मग पेठला जाऊन काजव्यांनाच विचारा.

पण खरं सुख पैठणीचं. गिऱ्हाईक घडीचं टोक उचलायचं, माझा उजेड जरीवर सांडायचा आणि माणसं म्हणायची, "वा, काय रंग उतरलाय!" कौतुक पैठणीचं व्हायचं, फुगायचो मी.

यंदा धनराजला नव्याची हौस आली. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ चंदरचं गाड्या सजवायचं दुकान आहे, तिथे त्याने व्हॅन उभी केली. चंदर म्हणाला, "भाऊ, हे पिवळं मिणमिणं काढ. एलईडी टाकतो, गाडीत दिवस उगवेल बघ!" त्याने मला उपसलं आणि माझ्या जागी टिकल्या टिकल्यांची एक पांढरी पट्टी बसवली. ती पेटेचना! उलटी करून बसवली तेव्हा कुठे भक्कन पेटली. मला हसू आलं. मला कसंही बसवा, मी पेटतोच. पैठणीला नाही का, दोन्ही बाजू सारख्याच!

धनराज मला रस्त्यावर भिरकावणार, तोच कुसाबाई ओरडली, "अरं, फेकतो काय? चालू हाय ना तो?"

"आई, त्याचं काम संपलं."

"काम संपलं म्हनून फेकायचं? मग मलाबी वाटंत उतरव कुठं तरी!"

असा मी तिच्या बटव्यात गेलो. शेजारी सुपारी. काय कडक स्वभाव तिचा! पण ते राहू द्या.

लगेच दुसऱ्या दिवशी मोहिनीचं लग्न होतं. नाशिकच्या गंगापूर रोडच्या या मोहिनीने येवल्याला येऊन स्वतः रंग निवडला होता, डाळिंबी. हट्टाने मागावर बसून एक धागाही तिने स्वतःच्या हाताने घातला होता. तेव्हापासून कुसाबाईने ती पैठणी लेकीची म्हणूनच विणली. ती घेऊन मायलेक मंगल कार्यालयात पोचले. बाहेर अवकाळी पाऊस धो धो, आत वीज गेलेली. रेशमावर थेंब नको म्हणून धनराजने व्हॅन थेट तळघरातल्या पार्किंगमध्ये घातली.

मोहिनीची आई, कमळाबाई, लगबगीने खाली आली. त्यांच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या पैठणीची घडी देवकापुढेच मोडायची. आधी बघायचं ते फक्त टोक. आणि एकदा देवकापुढे ठेवली की ती परत करायची नाही. म्हणजे काय ते गाडीतच ठरवायचं.

धनराजने दार उघडलं. पांढरा फटक उजेड पडला. कमळाबाईने टोक उचललं आणि तिचा चेहराच उतरला.

"कुसाबाई, हा डाळिंबी? अहो, हा तर कांद्याच्या सालीचा रंग! आणि जर चांदीची?"

"वैनी, देवाशप्पथ सोनेरी जर हाय. म्या सवता भरलीय."

"मग मला काय दिसतंय?"

धनराजने घाईने मोबाइलचा टॉर्च लावला. तोही तसलाच पांढरा. कांदा आणखीच सोलला गेला!

"वरपक्ष येईल आता," कमळाबाई म्हणाली. "मी दुकानातून तयार शालू मागवते. तुम्ही ही परत न्या."

बटव्यावरची कुसाबाईची मूठ इतकी घट्ट झाली की मी आणि सुपारी, आयुष्यात पहिल्यांदाच, एकमेकांना धरून बसलो.

एवढ्यात जिन्यावरून मोहिनी धावत आली. अंगभर हळद.

"अगं कार्टे, हळद लागल्यावर उंबरा ओलांडलास?"

"आई, पार्किंग उंबऱ्याच्या आतच येतं. कुठंय माझी पैठणी?" म्हणत तिने गाडीत डोकं घातलं.

कमळाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि किंचाळली, "अगंबाई! हळद लावली की चुना? कसली पांढरी भुताटकी दिसतेस!"

"मी?" मोहिनी खो खो हसत सुटली. "तू तुझ्या पाटल्या बघ! त्यापण चांदीच्या झाल्या!"

कमळाबाईने पाटल्या पाहिल्या. मग पैठणी, मग लेक, मग छत.

"अरे धनराज," ती हळूच म्हणाली, "हा दिवा कसला बसवलायस मेल्या?"

कुसाबाईने बटवा उघडला. "घे रं. बसव आधी ह्याला."

"अगं आई, तू हा बरोबर आणलास?"

"बोलू नको. बसव."

मोहिनीने केसातली पिन काढून दिली. धनराजने छताची काच उचकटली, पट्टी काढली आणि मला बसवलं.

मित्रांनो, मी पेटलो. असा पेटलो की गोदावरीत मासे जागे झाले, त्र्यंबकेश्वरी कोंबडे आरवले! बरं, तेवढं राहू द्या. पण डाळिंब फुटलं हे मात्र खरं. जर सोन्यासारखी लखलखली, मोहिनी पिवळीधम्मक झाली आणि पाटल्यांना त्यांचं सोनं परत मिळालं.

"कुसाबाई," कमळाबाईने त्या म्हातारीचे हात धरले, "कांदा म्हणाले मी. माझ्याच जिभेला हाड नाही."

"असू द्या वैनी. आमी येवल्याचे. कांद्याचा राग येत नाय आमाला."

मग काय, कमळाबाईने वरच्या साऱ्या बायकांना खाली बोलावलं. एक बघून गेली की तिने दोघींना धाडायचं. व्हॅनचं दार काही लागेना आणि मी काही विझेना. कौतुकाने इतका तापलो की कुणी पापड धरला असता तर भाजून निघाला असता! पैठणी वाजतगाजत देवकापुढे गेली आणि धनराजने गाडी सुरू करायला चावी फिरवली.

टक्. बस्स, एवढंच. माझ्या मिरवणुकीत मी बॅटरी पिऊन टाकली होती.

आणि व्हॅन आडवी होती तळघरात उतरायच्या वाटेच्या तोंडाशीच, वाट अडवून. तिच्यापुढे येऊन थांबली नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी, मागे बँड, सगळे पावसात. फेटा बांधलेला नवरदेव, रविराज, खाली उतरला. "काय झालं?" धनराजने मान खाली घालून सांगितलं. रविराजने शेरवानीच्या बाह्या सरसावल्या. "चला रे!" करवले, मामे, ढोलवाला, सगळे व्हॅनला भिडले. बँड वाजतच होता. आत कुसाबाई पाटलिणीसारखी ताठ बसलेली, आणि वरून मोहिनी ओरडत होती, "अहो, जोरात! नाष्टा केला नाही का?"

व्हॅन रस्त्यावर आली, खोकली आणि सुरू झाली. असा मान कुठल्या बल्बला मिळाला आहे, सांगा!

आता आम्ही दोघं नांदतो. पट्टी मागे असते. सामान चढवायला तिच्यासारखी दुसरी नाही, आणि बॅटरी ती चिमणीएवढीच पिते. मी पुढे, पैठणीच्या डोक्यावर. म्हणून मित्रांनो, नवं खुशाल आणा. पण जुनं फेकण्याआधी त्याच्या उजेडात आपल्या माणसाचा चेहरा एकदा पाहून घ्या. आणि माझ्यावर माया असेल, तर गाडीतून उतरताना दार नीट लावत चला. दरवेळी धक्का द्यायला नवरदेव कुठून आणायचा?