घड्याळ काढा

शिकाऊ डॉक्टरच्या मागे जणू वाघ लागला होता. धाप लागते का, सूज येते का, कधी ऑपरेशन झालंय का, असं सगळं त्याने घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांना एका दमात विचारलं आणि ते सांगू लागले तरी न ऐकता बनियनवरूनच स्टेथोस्कोप टेकवला. कानात टिकटिक आली.

"आजोबा, हातातलं घड्याळ काढा."

आजोबांनी काढलं. टिकटिक चालूच. मग डॉक्टरने भिंतीवरचं घड्याळ उतरवून बाहेर नेऊन ठेवलं. तरी तेच. त्याला घाम फुटला.

"खिशात आणखी एखादं आहे का?"

"खिशात नाही." आजोबांनी बनियन वर केली. छातीवर लांबलचक उभा व्रण होता. "हृदयाची झडप धातूची आहे. तिचा आवाज. मघाशी तेच सांगत होतो. आता ही तेवढी काढायला सांगू नका."